फेटाळलेल्या दाव्याचा कागद वाचता यावा म्हणून

मा. जिल्हाधिकारी, ठाणे


वनहक्कांच्या जिल्हास्तरीय समितीचे आपण अध्यक्ष आहात, म्हणून हे पत्र आपल्याला. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर माहिती पोचतच नाही, असे आता म्हणता येत नाही. सातबारासुद्धा मोबाइलवर दिसतो. गाडे अडते ते पुढे. हातात आलेल्या कागदाचा अर्थ काय, तो खरा कशावरून आणि मुदतीत काय करायचे, हे कोणी शिकवत नाही. उपविभागीय समितीने वनपट्ट्याचा दावा फेटाळला, तर कारण लेखी कळवावे लागते आणि 60 दिवसांत आपल्या समितीकडे दाद मागता येते. वनहक्क नियमांनुसार गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा ठरतो, शेताला घातलेला बांधही ठरतो. उपग्रहाचे चित्र त्यांची जागा घेऊ शकत नाही. हे ठाऊक नसलेला कातकरी किंवा ठाकूर ‘पुराव्याअभावी अमान्य’ एवढ्या शेऱ्यावर गप्प बसतो, आणि त्याचा बांध तिकडे शेतात उभा असतो. गप्प बसण्याची किंमत किती मोठी, ते फेब्रुवारी 2019 मध्ये दिसले. दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला होता; त्याच महिन्यात त्याला स्थगिती मिळाली म्हणून निभावले.

शाळा वाढल्या की कागद समजून घेणे आपोआप साधेल, असे म्हटले जाते. मला ते पटत नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा त्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होती, आणि ती पुढे धाडणाऱ्यांना अक्षरओळख नक्कीच होती. वाचता येणे आणि वाचलेले पारखता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी मुद्दाम शिकवावी लागते. अर्ज भरून द्यायला कार्यकर्ते आणि सेवा केंद्रे आहेतच, हेही खरे. त्यांची मदत हवीच. पण दुसऱ्याने आपल्या नावाने काय लिहिले, ते तपासता आले नाही तर तीच मदत परावलंबन होते.

ही पारख शिकवण्यासाठी नवे खाते उघडायला नको, ग्रामसभा पुरेशी आहे. मात्र 26 जानेवारी आणि 1 मेच्या सभांना कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर असतात. त्यामुळे पावसाळ्यातली, 15 ऑगस्टची सभा यासाठी धरावी, तीही पाड्यापाड्यावर. नामंजुरीच्या प्रत्येक पत्रासोबत सोप्या मराठीत एक पान द्यावे: दावा का फेटाळला, कोणता पुरावा चालेल, शेवटची तारीख कोणती. ते पान सभेत मोठ्याने वाचावे आणि दोन-तीन अपिले तिथेच सर्वांसमोर लिहून दाखवावीत. भट्टीवर गेलेल्या माणसाच्या बंद दाराला चिकटवलेली नोटीस त्याला मिळाली असे धरू नये. ती त्याच्या हाती पडेल त्या दिवसापासून 60 दिवस मोजावेत, एवढा आदेश आपण या पावसाळ्याआधी काढावा.

आपला,
मुरबाड तालुक्यातील एक नागरिक