पाहिजे : एक बाई हेर

परवा जेवणाच्या सुट्टीत आमच्या कॅशिअरसाहेबांनी शेवभाजीत भाकरी कुस्करता कुस्करता निकाल दिला : "बाई आणि खासगी हेर? कादंबरीतसुद्धा शोभत नाही. खरं वाटत नाही, भाऊ!"

हे गृहस्थ लहानपणापासून रहस्यकथांवर पोसलेले. सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून नायकाने अकरा झाडल्या तरी त्यांना खरं वाटतं. (कॅशिअर असून मोजत नाहीत!) कुलूपबंद तळघरातून तो हवेसारखा निसटला तरी खरं वाटतं. आणि दाराची कडी वाजवून चार प्रश्न विचारणारी बाई मात्र खोटी! मी बी.कॉम. आहे. असला ताळेबंद मी पास करणार नाही.

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. वडिलांच्या ट्रंकेतल्या त्या वाचतच मी मोठा झालो, तेव्हा कृतघ्नपणा करत नाही. पण झुंजारबरोबर विजया असली तरी मालिका झुंजारची! तिकडे अमेरिकेत १९८२ या एकाच साली दोन हेरबाया पुस्तकांतून कामाला लागल्या : सू ग्राफ्टन यांची किन्सी मिलहोन आणि सारा पॅरेट्स्की यांची व्ही. आय. वॉरशॉस्की. किन्सीने तर इंग्रजीतलं एकेक अक्षर धरून 'वाय'पर्यंत पंचवीस पुस्तकं गाठली. २०१७ साली लेखिका वारल्या आणि 'झेड' तेवढं राहून गेलं. अमेरिका लांब वाटत असेल तर बंगाल घ्या. सुचित्रा भट्टाचार्य यांची मितिनमासी रीतसर पाटी लावून हेरगिरी करते. मासी म्हणजे आपली मावशीच की! बंगाल्यांनी मावशीच्या हाती तपास दिला, आम्ही पळी दिली.

आणि खरं वाटत नाही म्हणता, तर मुंबईच्या रजनी पंडित कोण? रुपारेल कॉलेजात मराठी साहित्य शिकलेल्या या बाईंनी १९९१ साली स्वतःची हेरसंस्था काढली. एका खुनाच्या तपासात त्या संशयित बाईच्या घरी सहा महिने मोलकरीण म्हणून राहिल्या. सहा महिने! आमच्या पिस्तूलवाल्या नायकाला सहा मिनिटं भांडी घासायला बसवा, पहिल्या कढईलाच तो गुन्हा कबूल करील. मराठी साहित्य शिकलेली बाई हेर झाली, पण घरोघर पोचलेली हेरबाईची मराठी मालिका काही माझ्या हाती आली नाही.

यावर कॅशिअर म्हणाले, "पण बायकांना नसत्या चौकशा फार!" घ्या! म्हणजे अंगी गुण आहे, फक्त नाव वाईट ठेवलंय. पुरुषाने केला तर तपास, बाईने केला तर चोंबडेपणा.

आमच्या दीपनगरच्या कॉलनीतलीच गोष्ट. आमच्या वरच्या मजल्यावर मावशी राहतात. त्यांच्या भाचीसाठी स्थळ आलं. मुलगा दुसऱ्या गावच्या औष्णिक वीज केंद्रात कायम नोकरीला, कॉलनीत क्वार्टर. घरचे चार पुरुष जीप करून मुलाच्या गावी जाऊन आले, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी हाणून आले आणि म्हणाले, "माणसं चांगली आहेत." झाली चौकशी!

मुलगा इकडे आला तेव्हा मावशींनी चहा पुढे करत सहज विचारलं, "भाऊ, तुमच्याकडे राख कोणत्या बाजूने येते हो? कपडे कुठे वाळत घालता?"

मुलगा म्हणाला, "कसली राख?"

मावशींनी कपबशी खाली ठेवली. औष्णिक केंद्राच्या कॉलनीत राहून ज्याला राख ठाऊक नाही, तो तिथे राहतच नाही. आमच्याकडे हे शाळकरी पोरही सांगेल. मग त्यांनी दोन फोन केले, एका ओळखीच्या बाईला त्या कॉलनीत पाठवलं आणि चौथ्या दिवशी निकाल हजर : ना क्वार्टर, ना नोकरी. ठेकेदाराकडे चार महिने होता, तिथूनही काढलेला. भाची वाचली. मावशींचे यजमान आजही सांगतात, "मला पहिल्यापासूनच शंका होती."

मावशींना काय मिळालं? दोन फोनांचं बिलसुद्धा नाही. माझं भांडण इथे आहे. हेर आणि शेजारीण यांच्यात अकलेचा फरक नाही, फीचा आहे. पुस्तकातली बाई एकदा टेबलामागे बसून "आगाऊ रक्कम किती देता?" असं विचारू लागली, की तिच्या अकलेला बाजारभाव असतो हे वाचणाऱ्यालाही कळेल. कदाचित मावशींच्या यजमानांनाही.

तेव्हा मराठी लेखकांनो, एक खानदेशी हेरबाई लिहा. पिस्तूल नको, पिशवी चालेल. वय पन्नास, गुडघे दुखणारे. फक्त तिला फी घ्यायला लावा आणि पावती द्यायला लावा. चालू खातं उघडायला मी खिडकीवर बसलेलाच आहे. 'व्यवसाय' या रकान्यात 'गृहिणी' लिहायला लागली, तर फॉर्म परत करीन.