सीमेन्सने घेतलेलं डीएनए सॉफ्टवेअर आणि तुमच्या फाइल्स

"दादा, स्नॅपजीन सीमेन्सने घेतलं म्हणे. माझ्या फाइल्सचं काय होणार?" पुण्यात बायोटेक शिकणाऱ्या माझ्या मामेबहिणीचा हा मेसेज. बातमी खरी आहे. २०२५ मध्ये सीमेन्सने डॉटमॅटिक्स ही कंपनी ५.१ अब्ज डॉलरला घेतली. डीएनए सिक्वेन्स एडिट करायची स्नॅपजीन आणि जिनियस ही दोन्ही डेस्कटॉप सॉफ्टवेअर्स डॉटमॅटिक्सचीच.

तसं पाहिलं तर डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांची लांबलचक ओळ. मग नोटपॅड का चालत नाही? मीही तिला हेच विचारलं होतं. लॅबमध्ये बरेचदा प्लास्मिड वापरतात, म्हणजे बांगडीसारखा गोल डीएनए. इकोआरवन नावाचं एन्झाइम जी-ए-ए-टी-टी-सी ही अक्षरं दिसली की तिथे कापतं. यातली तीन अक्षरं फाइलच्या शेवटी आणि तीन सुरुवातीला असतील, तर नोटपॅडच्या सर्चला ती सापडणारच नाहीत. एन्झाइमला मात्र बरोबर सापडतात!

माझ्या मते खरा प्रश्न फाइल फॉरमॅटचा आहे. स्नॅपजीनची डॉट डीएनए फाइल त्यांच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये असते. फास्टा आणि जेनबँक हे साधे टेक्स्ट फॉरमॅट, कुठेही उघडतात. पण फास्टात फक्त नाव आणि अक्षरं उरतात; कुठला तुकडा कोणता जीन, या खुणा जातात. जेनबँकमध्ये त्या राहतात, डीएनए गोल आहे की सरळ हेही राहतं. क्लोनिंगची हिस्टरी मात्र त्यात येत नाही, ती वेगळी लिहून ठेवा.

सीमेन्स उद्या फ्री व्ह्यूअर बंद करेल असं मी म्हणत नाही. पण एवढे पैसे मोजणाऱ्याची नजर औषध कंपन्यांवर असणार, एमएस्सीच्या पोरांवर नाही. आणि फुकट म्हणजे कायमचं, असंही नसतं. टॉम हॉल यांचं बायोएडिट १९९९ च्या सुमाराचं, फुकट, भरपूर वापरलं गेलेलं. त्याचे अपडेट केव्हाच थांबले. युजीनचं वेगळं आहे: ते ओपन सोर्स आहे, मूळ टीम थांबली तरी कोड दुसरं कुणी पुढे नेऊ शकतं.

बहिणीला म्हटलं, सगळं जेनबँकमध्ये एक्स्पोर्ट कर आणि दोन-चार फाइल्स युजीनमध्ये उघडून बघ. तिचा रिप्लाय: "सगळं? दोनशेच्या वर फाइल्स आहेत रे!" शेवटी मीच बायोपायथॉनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहून दिली. ते डॉट डीएनए फाइल थेट वाचतं.