जुनी मोटार आणि पावसाळ्याचे चार महिने

मे महिना सरत आला की आम्ही कापडवाले गोदामाकडे वळतो. पत्रे तपासतो, गाठी जमिनीवरून उचलून फळ्यांवर ठेवतो, भिंतीपासून हातभर जागा सोडतो. हे कोणाला शिकवावे लागत नाही. एक पावसाळा गाफील राहिले की बुरशीचे डाग पडलेला माल निम्म्या भावानेही कोणी उचलत नाही. मात्र हाच सावध व्यापारी घरासमोर उभ्या असलेल्या वडिलांच्या जुन्या मोटारीवर ताडपत्री टाकतो, चार दोऱ्या आवळतो आणि "आता दसऱ्याला बघू" म्हणून मोकळा होतो. गाठींना लावतो ती अक्कल आपण मोटारीला का लावत नाही, हा माझा प्रश्न आहे.

थंड मुलखांत, विशेषतः इंग्लंडमध्ये, जुन्या मोटारींचे शौकीन हिवाळ्यात गाडी बाहेर काढत नाहीत. तेथे रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ पसरतात आणि ते मीठ गाडीचा तळ खाते. म्हणून ते लोक पानगळ संपताच गाडी धुऊन, पुसून, तेल बदलून बंद करतात आणि वसंत ऋतूत उघडतात. आपल्याकडे हिवाळा हा तर गाडी फिरवण्याचा मोसम. आपला वैरी पावसाळा आहे, आणि कोकण किनाऱ्यावर त्याच्या जोडीला खारी हवा. सबब त्यांचा रिवाज घ्यावा, पण महिने आपले धरावेत : जून ते सप्टेंबर.

माझी गफलत

हे मी पुस्तकी सांगत नाही. आमच्या अब्बांनी 1972 सालची फियाट घेतली तेव्हा मी दुधाचे दात असलेला पोर होतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली, 1089 सीसी इंजिनची ती गाडी अब्बांनी तीस-पस्तीस वर्षे स्वतः चालवली. पावसाळ्यात ती पत्र्याच्या शेडमध्ये, वर मांजरपाटाची चादर घालून उभी असे. अब्बांच्या पश्चात शेडची जागा मालाला लागली. मी गाडी अंगणात उभी केली आणि वर जाड प्लास्टिक घट्ट बांधले. पाण्याचा थेंब आत जायला नको, एवढाच हिशेब. तीन पावसाळे असे गेले. चौथ्या वर्षी प्लास्टिक काढले तेव्हा दरवाजांचे तळ हाताने तुटत होते आणि पायाखालच्या पत्र्यातून जमीन दिसत होती. आमचे जुने मिस्त्री, ज्यांना मी चाचा म्हणतो, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "बेटा, पावसाने नाही मारली. तू मारलीस." भंगारवाल्याने ती किलोच्या भावाने नेली.

चाचांचे म्हणणे मला नंतर समजले. थेंब बाहेरून जात नव्हता, पण ओली जमीन खालून वाफ सोडत होती. रात्री प्लास्टिक गार झाले की ती वाफ आतल्या बाजूस पाणी होऊन गाडीवर गळत होती, आणि बाहेर पडायला वाट नव्हती. पत्रा, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढणारच.

प्लास्टिक खाली, सूत वर

म्हणून पहिला नियम : प्लास्टिक जमिनीवर अंथरा आणि गाडीवर सूत घाला. खालचे जाड प्लास्टिक जमिनीची ओल अडवते, वरचे सुती कापड धूळ अडवते आणि वाफेला वाट देते. शेड नसेल तर बांबूच्या चौकटीवर ताडपत्री छपरासारखी ताणा. ती गाडीला कोठेही टेकू नये आणि बाजूंनी वारा खेळता असावा.

कापडाबद्दल मात्र मी अधिकाराने बोलतो. कोरे मांजरपाट तसेच वापरू नका. त्यात खळ असते, आणि बुरशीला खळीसारखा दुसरा खुराक नाही. गरम पाण्यात दोनदा धुऊन, खळ पूर्ण काढून, कडक उन्हात वाळवून मगच घाला. रंगीत कापड स्वस्त मिळाले म्हणून घेऊ नका. ओल लागली की कच्चा रंग सुटतो आणि गाडीच्या पांढऱ्या अंगावर उतरतो. आतून जुन्या फ्लॅनेलचे अस्तर लावले तर उत्तम. आणि चादर घालण्याआधी गाडी धुतलेली, पूर्ण सुकलेली हवी, नाहीतर धूळ कापडाखाली घासून रंगाला चरे पाडते.

दुसरे काम तळाचे. चाकांच्या कमानींतला चिखल पाण्याच्या जोराने काढा. दरवाजांच्या तळाशी पाणी निघण्यासाठी बारीक छिद्रे असतात, ती तारेने मोकळी करा. माझ्या फियाटचे दरवाजे तेथूनच सडले.

तिसरे इंजिनचे. वापरलेल्या तेलात आम्ल साचते, म्हणून तेल गाडी बंद करण्यापूर्वी बदलावे, नंतर नव्हे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली ओल ओढते आणि पाणी फार झाले की ते टाकीच्या तळाशी बसते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या या पेट्रोलसाठी बनलेल्याच नव्हत्या, त्या मिस्त्रीकडून तपासून बदलून घ्या. टाकी ताज्या पेट्रोलने भरून ठेवली तर आत ओलसर हवेला जागा कमी राहते. कार्बोरेटर मात्र रिकामा करावा, नाहीतर पेट्रोल सुकून त्याची बारीक छिद्रे बुजतात.

चौथे, बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. टायरमध्ये चार-पाच पौंड हवा जास्त भरा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेक चिकटतात. चाकांना लाकडी ठोकळे लावा. उंदीर वायरी खातात, म्हणून सायलेन्सरचे तोंड कापडाने बंद करा, आणि तसे केल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा, म्हणजे दसऱ्याला विसर पडणार नाही.

एक गैरसमज येथेच दूर करतो. पुष्कळ लोक बंद गाडी दर रविवारी पाच मिनिटे सुरू करतात आणि समाधान मानतात. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. इंजिन व सायलेन्सर पुरते तापले नाहीत तर ते पाणी आतच राहते. उघडीप पाहून अर्धा तास रस्त्यावर चालवा, नाहीतर हातच लावू नका.

कशासाठी?

काही बांधव म्हणतील, एवढा खटाटोप जुन्या डब्यासाठी? त्यांचे अगदीच चूक आहे असे मी म्हणणार नाही. ज्याला गाडी चालवायची नाही, त्याने ती पावसाच्या आधी विकावी. पावसानंतर तिचा भाव पडलेलाच असतो. पण ज्याला ठेवायची आहे, त्याने ठेवल्यासारखी ठेवावी. केंद्र सरकारने 2021 साली नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी व्हीए या अक्षरांची वेगळी नोंदणी आणली आहे. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आहे. अशी गाडी रोजच्या वापरात किंवा धंद्यात चालत नाही, पण रॅली, प्रदर्शन व दुरुस्तीसाठी काढता येते. यातली अट महत्त्वाची आहे : गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी व इंजिनमध्ये मोठा बदल नको. म्हणजे गंजाने खाल्लेला सांगाडा पैसे ओतून नवा केला, तरी गेलेली पात्रता परत येईल याची खात्री नाही. आमची फियाट आज या नोंदणीत बसली असती.

आता दोन शब्द कारागीर बांधवांसाठी. 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमच्या गेल्या. ज्या मिस्त्रींचे, वायरमनचे, सीटमेकरचे हात त्या गाड्यांवर बसले, त्यांचे काम त्याबरोबर आटले. चाचांचा मुलगा आज दुसऱ्याच्या दुकानात मोबाइल विकतो. पण हुन्नर अजून जिवंत आहे, आणि गिऱ्हाईकही आहे. दोघांची गाठ पडत नाही एवढेच. मे महिन्यात गाडी बंद करून देणे, महिन्यातून एकदा येऊन बॅटरी, उंदीर, ओल पाहणे, आणि ऑक्टोबरात उघडून चालती करून देणे, असे तीन टप्प्यांचे काम ठरलेल्या मजुरीत का घेऊ नये? काय केले त्याची यादी लिहून, सही करून मालकाच्या हाती द्यावी. शिलाई मशीन असलेल्या भावांनी मापाच्या सुती चादरी शिवाव्यात. बाजारातल्या प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा दोन पैसे जास्त पडतील, पण जाणता मालक ते देईल.

मालकांनीही मजुरीत घासाघीस करू नये. गाठींचा विमा उतरवताना आपण कुरकुरत नाही. हाही एक प्रकारचा विमाच आहे.

मृग तोंडावर आला आहे. या रविवारी अंगणातले प्लास्टिक उचलून एकदा खाली वाकून पाहा. पत्रा अजून शाबूत असेल, तर सोमवारी मिस्त्रीला बोलवा.