कोणती परीक्षा द्यावी?

रोखेबाजारात शिरू इच्छिणारे कित्येक तरुण ‘सर्वांत सोपी परीक्षा कोणती?’ असे प्रथम विचारतात, व पालकही तीच री ओढतात. हा प्रश्नच आमच्या मते चुकीचा होय. ‘सेबी’ने 2006 साली स्थापिलेल्या ‘एनआयएसएम’ संस्थेच्या परीक्षा कामाप्रमाणे निरनिराळ्या आहेत. म्युच्युअल फंड विकणाऱ्यास ‘सीरीज 5-ए’ पुरते: 100 प्रश्न, 2 तास, 50 गुणांस उत्तीर्ण. गुंतवणूक-सल्लागारास मात्र ‘10-ए’ व ‘10-बी’ या दोन्ही उतराव्या लागतात. विक्रेत्याची दलाली फंडवाल्यांकडून येते, सल्लागाराची फी ग्राहकाकडून. तेव्हा आपण कोणाचे मीठ खाणार, हे तरुणाने आधी ठरवावे. सोपे-अवघड मागाहून पाहता येते. प्रमाणपत्राची मुदत 3 वर्षांचीच असते, हे तर पुष्कळांच्या ध्यानीमनीही नसते!