एका खात्याचे ऑडिट

बँकेतला माझा एक जुना सहकारी, आमचा हेडकॅशियर. २०१६ साली त्याच्या जठरातून ‘जिस्ट’ जातीची गाठ काढली. मग तीन वर्षे रोज इमॅटिनिबची गोळी. ती थांबली तेव्हा घरात पेढे वाटले गेले. पुढे शौचातून रक्त पडू लागले. वहिनी म्हणाल्या, ‘‘मूळव्याध असेल.’’ मीही मान डोलावली. एकदा कॅन्सर होऊन गेला, आता पुन्हा कशाला होईल, असा आमचा हिशेब! सहा महिन्यांनी निदान झाले ते मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे. जुनी गाठ उलटली नव्हती. हा आजार सर्वस्वी वेगळा होता.

जिस्ट दुर्मीळ. दहा लाख माणसांमागे वर्षाला दहा-पंधरा रुग्ण. १९९८ मध्ये जपानी संशोधकांना त्यामागचा ‘किट’ जनुकातला बिघाड सापडला. २००० मध्ये फिनलंडमधल्या एका महिलेला इमॅटिनिब देऊन पाहिले आणि या आजाराचे चित्रच पालटले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून स्वस्त गोळीची वाट मोकळी राहिली.

रुग्ण जगू लागले, तसा दुसरा प्रश्न पुढे आला. अमेरिकेतल्या ६,११२ जिस्टरुग्णांच्या २००१ ते २०११ या काळातील नोंदींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे १७ टक्के रुग्णांना आणखी एखादा कॅन्सर झाला होता. कोणाला आधी, कोणाला नंतर. याचे खापर लगेच गोळीवर फोडू नये. ज्यांना दुसरा कॅन्सर आधीच होता, त्यांच्या बाबतीत गोळीचा संबंधच नाही. बहुतेक रुग्ण उतारवयातले, आणि वारंवार तपासण्या झाल्या की लपलेलेही सापडते.

म्हणून घाबरण्याचे कारण नाही. गाफील राहण्याचेही नाही. पोटाच्या स्कॅनमध्ये जुनी गाठ परतली नाही ना, हे पाहतात. आतड्यातला छोटा कोंब त्यात दिसेलच असे नाही. बँकेत आम्ही शिकलो होतो, एका खात्याचे ऑडिट म्हणजे शाखेचे ऑडिट नव्हे. रक्त, घटते वजन, न भरणारी जखम यांतले काहीही दिसले तर ‘जुन्या दुखण्याचेच असेल’ असे घरच्याघरी ठरवू नये. वयाप्रमाणे करायच्या इतर तपासण्याही डॉक्टरांना आपण होऊन विचाराव्यात.

परवा वहिनींनी विचारले, ‘‘भावजी, तेव्हाच गेलो असतो तर?’’

माझ्याजवळ उत्तर नव्हते.