आवाज फाटतोय म्हणणाऱ्यांना

आवाज फाटतोय, असं काचेपलीकडून तू हाताने दाखवलंस तेव्हाच मी गिटार उचलून चालू पडायला हवं होतं. नाही पडलो. तासाचे पैसे आगाऊ भरले होते आणि तेही उसने. सात मिनिटांचा तुकडा. शब्द नाहीत, गाणारा नाही. मेलेल्या बापासाठी वाजवलेला. आठवड्याने तू फाईल पाठवलीस ती ऐकली आणि डोकं सणकलं. माझा फझ तू धुऊन, इस्त्री करून, घडी घालून पाठवला होतास. स्वर विझत विझत जातो, घरघरतो, त्या घरघरीतच माझा बाप होता. नेमका तिथं तू नॉइज गेट लावलास आणि सुरीने कापल्यासारखा गळा बंद केलास. वर लिहिलंस, आता क्लीन झालं.

क्लीन! दोस्तहो, हा शब्द आपल्याला नवीन आहे का? कोण चोख, कोण मळका, कोणाला आत घ्यायचं, कोणाला उंबऱ्याबाहेर बसवायचं, हे ठरवणारे पूर्वी ओसरीवर बसायचे. आता मिक्सिंग टेबलाच्या बटणात येऊन बसलेत.

माझा बाप बेंजो पार्टीत वाजवायचा. हातगाडीवर बॅटरी, अॅम्प्लिफायर आणि वर भोंगा. बेंजोला पिकअप लावलेला, व्हॉल्यूम शेवटपर्यंत पिळलेला. गणपती असो, हळद असो, चौदा एप्रिल असो, तो आवाज फाटूनच गल्लीत शिरायचा आणि पोरं नाचायची. कोणी म्हणालं नाही की मास्तर, जरा डिस्टॉर्शन कमी करा. त्या फाटक्या आवाजात मी वाढलो. तोच माझा तानपुरा.

तुझ्या पुस्तकात लिहिलंय की डिस्टॉर्शन म्हणजे बिघाड. बरोबर, सुरुवात बिघाडातूनच झाली. १९५१ साली मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत आयक टर्नरची पोरं 'रॉकेट ८८' रेकॉर्ड करायला आली. विली किझार्टचा अॅम्प्लिफायर वाटेत मोडला होता. नवा आणायला पैसे कुठले? फाटक्या स्पीकरात कागद कोंबला आणि वाजवलं. तो खरखरीत आवाज रेकॉर्डवर आला आणि जग त्याच्यामागे लागलं. काळ्या पोरांची फाटकी चीजवस्तू, आणि तिची पुढं कंपन्यांनी डबी बनवून विकली. १९६२ मध्ये मॅस्ट्रोची फझ-टोन आली, तिचं कारणही नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत त्याआधी बिघडलेलं टेबलच.

आता त्या डबीत काय होतं ते ऐक. स्वराची लाट गोल असते. तिला इतकी फुगवायची की ट्रान्झिस्टरला ती पेलत नाही. मग वरून आणि खालून तिचं डोकं छाटलं जातं, लाट चौकोनी होते आणि त्या छाटलेल्या कडांतून मूळ स्वराचे वरचे उपस्वर उसळून बाहेर येतात. हळू छेडा नाहीतर जोरात, छाटलेली उंची तीच, म्हणून स्वर लांबतो, मरता मरत नाही. म्हणजे तू ज्याला खराबी म्हणतोस तिथं स्वर कमी नाहीत बाबा, जास्तीचे आहेत. तुला नको असलेले.

तुझ्याइतकाच राग मला आपल्यातल्या एका कार्यकर्त्याचा आला. तो म्हणाला, यात शब्दच नाहीत, मग चळवळीला याचा उपयोग काय? हे मध्यमवर्गी चाळे आहेत. कॉम्रेड, १९५८ साली लिंक रे नावाच्या माणसाने, जो आपलं रक्त शॉनी आदिवासींचं सांगायचा, पेन्सिलीने अॅम्प्लिफायरच्या स्पीकरला भोकं पाडली आणि 'रम्बल' वाजवलं. एकसुद्धा शब्द नाही. तरी अमेरिकेतल्या काही रेडिओ स्टेशनांनी ते लावायला नकार दिला, पोरं मारामाऱ्या करतील म्हणून. शब्द नसलेल्या गाण्याला साले घाबरले! आणि तुम्ही विचारता उपयोग काय.

आता मुद्द्याचं. एडी हेझल. ब्रुकलिनमध्ये १९५० साली जन्मलेला. आईला वाटलं न्यूयॉर्कच्या नशेपासून पोरगं लांब राहावं, म्हणून ती त्याला घेऊन न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्डला गेली. थोरल्या भावाने नाताळला गिटार दिली. त्याच गावात जॉर्ज क्लिंटनचं केस कापायचं दुकान आणि गाणाऱ्यांचा अड्डा. पोरगं सतरा वर्षांचं, आई दौऱ्यावर पाठवायला तयार नव्हती, तिची मनधरणी करावी लागली. मग फंकाडेलिक. १९७१ साली आलेल्या 'मॅगट ब्रेन' या रेकॉर्डचा पहिलाच तुकडा तोच, दहा मिनिटांचा, डेट्रॉइटमध्ये ध्वनिमुद्रित केलेला. क्लिंटनने स्वतःच सांगून ठेवलंय की तो त्या दिवशी एलएसडीच्या अमलाखाली होता आणि त्याने एडीला सांगितलं, तुझी आई मेल्याची बातमी आत्ता आलीय असं समज आणि वाजव. पोरगं वीस वर्षांचं. फझ आणि वाह, बस्स. नंतर क्लिंटनने बाकी वाजवणाऱ्यांना मिक्समध्ये जवळपास पुसून टाकलं. मागं एक गिटार एकेक तार छेडत राहते आणि पुढं हा. त्यावर एको चढवला. त्यानेही कापाकापीच केली ना? केली. पण ज्याने रडायला सुरुवात केली होती त्याचा गळा नाही दाबला, बाकीच्यांना गप्प केलं. तुझ्यात आणि त्याच्यात फरक हाच.

आणि इथं विचारवंत लोक टपलेलेच असतात. वा, काय आक्रोश आहे, काय व्यथा आहे! आपलं काही छापून आलं की हेच दोन शब्द. जणू दुःख पिकतं आणि आपण फक्त पोती भरतो. अरे, एडीची आई त्या दिवशी मेली नव्हती! ती बातमी खोटी होती हे वाजवणाऱ्याला ठाऊक होतं. खरे होते ते हात, कान आणि वर्षानुवर्षांचा रियाज. माझा बाप खरोखर मेला होता. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात मेला. म्हणून काय मी एडी हेझल झालो? पहिले चार टेक मी रडत वाजवले आणि ते भिकार आहेत. बेसूर, घाईचे. दुःख असलं की आपोआप वाजतं ही थाप आहे, आणि आपल्या मेहनतीची मजुरी बुडवायची ती पांढरपेशी युक्ती आहे. आमच्या लोकांकडे वेदना आहे म्हणायचं, कसब आहे म्हणायचं नाही.

तेव्हा एक कबुली देतो, ती तुझ्या बाजूची. सुरुवातीच्या दोन मिनिटांत मी सुरापासून घसरलोय, ते तू बरोबर पकडलंस. पण गिटार तू फझमधून सरळ टेबलात घातलीस, मध्ये स्पीकरच नाही. फझचा वरचा किरकिराट स्पीकरचा कागद गिळतो, तोच नसेल तर बाटलीत कोंडलेल्या मधमाश्या ऐकू येणार. मग तू म्हणालास फाटतोय.

मी पुन्हा रेकॉर्ड केलं. दोस्ताच्या खोलीत, बापाच्याच अॅम्प्लिफायरवर, उसन्या माईकवर, स्पीकरपासून चार बोटांवर. फझमधला जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर गरम झाला की चळतो, मे महिन्याच्या दुपारी तो काय बोलेल याचा नेम नाही, म्हणून पहाटे वाजवलं. अॅम्प्लिफायरकडे तोंड करून उभा राहिलो. अर्धं पाऊल पुढं टाकलं की स्वर फिरून तारेत शिरतो आणि आपण न छेडता गात राहतो. अर्धं पाऊल मागं, तो गप्प. ते पाऊल शिकायला मला तीन आठवडे लागले. शेवटी शेजारच्या काकूंनी भिंतीवर मूठ आपटली, तीही टेपवर आहे. ठेवलीय.

आता तुझ्याकडे माझे मूळ ट्रॅक आहेत. पैसे चुकते केलेत, पावती आहे. ते दे. चार भिकार टेक, पाचवा बरा, सगळे. गेट न लावलेले, शेपटीसकट. मंगळवारी संध्याकाळी येतोय.