घरचे आरोग्य : गालावरचे डाग आणि औषधाची गोळी

दिवाळीचे उटणे लावून चेहरा उजळला, पण गालांवरचे तपकिरी डाग काही हलले नाहीत. पाळणा लांबविण्याच्या गोळ्यांचाच तर हा प्रताप नसेल ना, अशी शंका पुष्कळ भगिनींना येते.

शंका खरी ठरू शकते. या गोळ्यांतील हार्मोने त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना चेतवितात. त्यात ऊन लागले की गाल, कपाळ व वरचा ओठ यांवर वांगाचे डाग उमटतात. गरोदरपणी येतात ते याच जातीचे. उलट, याच गोळ्यांनी कित्येकींच्या मुरमा कमीही होतात.

मात्र गोळी परस्पर बंद करू नका. डाग तसेच राहतील आणि दिवसही राहतील! डॉक्टरांना विचारून दुसरा उपाय ठरवावा. उन्हात छत्री घ्यावी. शेजारणीने सुचविलेले गोरेपणाचे मलम लावू नये. त्यात स्टेरॉईड असले, तर आधी चेहरा उजळतो, पुढे कातडी पातळ व लाल होते.

दुसरी औषधेही अंगावर उठतात. सल्फाची किंवा दुखण्यावरची गोळी घेतल्यावर दर वेळी त्याच जागी काळसर गोल चट्टा येत असेल, तर ते औषध पुन्हा घेऊ नका. त्याचे नाव वहीत टिपून प्रत्येक डॉक्टरांना दाखवा.

आणि औषधानंतर पुरळाबरोबर ताप, तोंडात फोड, डोळ्यांची आग किंवा कातडी सुटणे दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच इस्पितळ गाठा. घेतलेल्या गोळ्यांचे पाकीट बरोबर न्या.